रूथचा पहिला अध्याय कुणी वाचायचा

मला खोकला झालेला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं सांगताना उगाच साळसूद चेहरा करून बसायला नको.

आमच्या घरात रोज सकाळी बायबलचा एक अध्याय वाचला जातो. चहा कपात पडला की वाचन, वाचन झालं की डबे, डबे भरले की पळापळ. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीने. कंटाळवाणा अध्याय म्हणून सोडायचा नाही, आवडता म्हणून आधी ओढायचा नाही. सगळं संपायला तीन वर्षांच्या वर लागतात, आणि संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून. वाचायच्या पाळ्या ठरलेल्या: सून, मग मी, मग मुलगा, मग नात. ज्याची पाळी त्याने अध्याय वाचायचा आणि त्यावर थोडं मनन सांगायचं, म्हणजे या अध्यायातून आज मला काय मिळालं ते. आजारी माणसाला सूट. त्याच्या जागी पुढचा वाचतो, आणि पाळ्या तिथून एकेक घर पुढे सरकतात.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. माझा खोकला तिथेच येऊन बसतो.

आणखी एक नियम आहे, तो माझ्या सासूबाईंनी घातला. कुणाचं मनन चालू असताना मध्ये बोलायचं नाही आणि झाल्यावर वाद घालायचा नाही. फक्त आमेन म्हणायचं. उत्तर द्यायची फारच खाज असेल तर आपली पाळी येईल तेव्हा, आपल्या मननात द्यायचं. मननाला उत्तर मननानेच. हा नियम त्यांनी माझ्यामुळे घातला.

लग्न होऊन मी दिल्लीत आले तेव्हा स्वर्गातला निम्मा प्लॉट माझ्या नावावर झाल्यासारखी वावरत होते. नगरकडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या शाळेचं पाठांतराचं बक्षीस दरवर्षी मलाच मिळायचं. इथे नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, आणि त्यात सासूबाई. नवऱ्याचं मनन म्हणजे फाइलीवरचा शेरा. ‘वरील अध्याय वाचला. विश्वास ठेवणे इष्ट. आमेन.’ सासूबाईंचं एक वाक्य. आणि माझं? माझ्या मननात तीन मुद्दे, दोन दाखले आणि शेवटी डोळ्यांत पाणी. पाणी कुठल्या वाक्याला काढायचं ते मी आदल्या दिवशी भाजी चिरतानाच ठरवून ठेवत असे. कांदा असला की रंगीत तालीमही होऊन जायची.

एवढी भक्तिमान मी, पण वंशावळी आल्या की दोन पानं एकदम उलटायची. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, कोण वाचणार? सासूबाई चष्मा काढून, डोळे मिटून ऐकत. त्यांना काय कळतंय, असं मला वाटे. एकदा मी अशीच उडी मारून पुढे गेले, मोठ्या गोड आवाजात मनन केलं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “पोरी, मधली चार माणसं वाटेत मेली का गं?”

पण खरी मजा लूकने लिहिलेल्या मार्था आणि मरीयेच्या गोष्टीला आली. येशू त्या दोघी बहिणींच्या घरी येतो. मार्था स्वयंपाकात राबते, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते, आणि तो मरीयेची बाजू घेतो. पाळी माझी होती. मी काय सोडते की काय! ज्या बाईला देवाची ओढ आहे तिला चुलीशी बांधू नये, असं मी सासूबाईंच्या दिशेने न बघता, पण त्यांना नीट ऐकू जाईल असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाळी त्यांची. वाचायचा अध्याय भलताच होता, पण त्यांनी तो उरकला आणि म्हणाल्या, “कालचं एक राहिलं. मार्था नसती तर त्या दिवशी सगळे काय जेवले असते, हे लूकने लिहिलेलं नाही. लूक पुरुष होता. पोळ्या तू कर.”

मग मी बोलले, मग त्या बोलल्या, मग चहाला साय धरली आणि नवरा चप्पल घालून ऑफिसला पळाला. देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून दोन्ही बाजूंनी गोळीबार. त्या संध्याकाळी नियम झाला.

रूथचं पुस्तक त्याच्या पुढच्या फेरीत आलं. नामी नावाची विधवा, तिची दोन मुलंही परमुलखात मेलेली. ती आपल्या गावी परत निघते, सुनांना सांगते की तुम्ही आपापल्या आईकडे जा. एक रडून जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडायला तयार होत नाही. हे वाचता वाचता माझ्या डोळ्यांना अशी धार लागली की अक्षरं दिसेनात. मी जाहीर केलं की मीच रूथ आहे. सासूबाईंनी नियम पाळून आमेन म्हटलं, चहा संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, “रूथ उन्हातान्हात लोकांच्या शेतात खपली. तुझं दूध उतू चाललंय.”

सासूबाई गेल्या, नवराही गेला. त्यांचं बायबल, त्यांचे नियम आणि नवऱ्याने घेतलेला गाझियाबादचा हा तळमजल्याचा फ्लॅट माझ्याकडे राहिला. बरोबर मुलगा, सून आणि नात.

सून नागपूरची, हिंदू घरातली. दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन कलेक्टर व्हायला आली होती, मुलगाही त्याच क्लासला. कलेक्टर कुणीच झालं नाही, लग्न झालं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला तिचा देव्हारा आहे. दिवा लावते आणि मग टेबलाशी येऊन बसते. तिने बायबल वाचावं असं मी तिला कधी म्हटलं नाही. मनात म्हटलं असेल, मनाला कुठे नियम होता! पहिले काही महिने ती पोळ्या लाटत ऐकायची. मग विचारायला लागली, “पुढे काय झालं?” आणि एके दिवशी मुलगा वाचत असताना हात धुऊन आली आणि पुस्तक ओढून घेतलं. “दे इकडे. तू वाचतोयस की अनाउन्समेंट करतोयस?” तेव्हापासून तिची पाळी. घरात सगळ्यात चांगलं मराठी तिचंच. मुलाचं मराठी म्हणजे, “मम्मी, मी आज बिल्कुल थकून गेलो यार.”

आता मुद्द्याचं. दोघांच्याही नोकऱ्या गुरुग्रामला. मुलाचं अर्धं काम घरूनच चालतं, सुनेला मात्र रोज जावं लागतं. वैशालीहून मेट्रो, मध्ये गाडी बदलायची, मग पिवळी लाइन, मग शेअर ऑटो. त्यांनी तिथे भाड्याने एक घर बघितलं. उंचावरचं, लिफ्टचं, आणि त्यात एक खोली माझी. घरमालकाला महिनाअखेर उत्तर हवं होतं.

मी म्हटलं, “तुम्ही जा. मी इथून हलणार नाही.”

हे वाक्य कसं म्हणायचं याची एक पद्धत आहे. शब्द ‘जा’चे, सूर ‘जाऊन दाखवा’चा. मी हलले नाही तर शाळेतून आल्यावर नातीजवळ कोण बसणार? म्हणजे कुणीच हलणार नाही. मला माझी रविवारची मंडळी सोडायची नव्हती, दारातला कढीपत्ता सोडायचा नव्हता, भाजीवाल्याशी रोजचं भांडण सोडायचं नव्हतं. नवऱ्याची खुर्ची याच बाल्कनीत आहे. पण आतून धाकधूकही होती. समजा, त्यांनी शब्द धरला आणि सूर सोडला, तर? गेलेच, तर? या घरात मी, माझा कढीपत्ता आणि वाचायला एक अध्याय. आमेन म्हणायलासुद्धा कुणी नाही.

तेव्हा आमचं शास्ते नावाचं पुस्तक चालू होतं. मारामाऱ्यांचं पुस्तक. पुढे काय येतंय ते बघायला मी पानं चाळली, तर काय, शास्ते संपलं की रूथ! मी बोटं मोजली. पहिला अध्याय नातीवर येत होता. फुकट! सासूला न सोडणाऱ्या सुनेची गोष्ट, आणि ती माझ्या सुनेनेच वाचायची, आणि वाचून त्यावर मनन करायचं, आणि तेही महिनाअखेरीच्या तोंडावर. त्यासाठी पाळी फक्त एक घर सरकायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. शमशोन आणि दलीलेचा अध्याय. माझा लाडका, इतका की मी त्यात आवाजही काढते. काळजावर दगड ठेवला आणि खोकले.

मुलाने वाचलं. शमशोन आपल्या ताकदीचं गुपित दलीलेला सांगतो आणि फसतो. मुलाने मनन केलं, “पासवर्ड कुणालाही सांगू नये. आमेन.”

सुनेने माझ्यापुढे काढा आणून ठेवला. आलं, मिरी, तुळस आणि ढीगभर गुळवेल. गुळाचा पत्ता नाही. “प्या आई, एका घोटात. रूथपर्यंत बरं वाटेल बघा तुम्हाला.”

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण तोंड इतकं कडू झालं होतं की डोकं चालेना.

देव काही झोपलेला नसतो. पाळी सरकवल्याची शिक्षा लगेच मिळाली. शास्तेच्या शेवटाकडे एक अध्याय आहे, लेकराबाळांसमोर वाचण्यासारखाच नाही. आधी तो सुनेवर येत होता, आता माझ्यावर आला. मी नातीला शेजारी विरजण आणायला पिटाळलं आणि एक्सप्रेस गाडीच्या वेगाने वाचायला लागले. शेजारीण नेमकी दारातच उभी. पोरगी लगेच हजर.

“आज्जी, काय झालं आत्तापर्यंत?”

“लढाई.”

“यार, रोज लढाईच होते या बुकमध्ये.”

शेवटी तो दिवस उगवला. मी केस विंचरून, ठेवणीतली शाल घेऊन टेबलाशी बसले. निकाल ऐकायला बसतात तशी. कुकर लावलेला, डबे उघडे. सुनेने सासूबाईंचं बायबल पुढे ओढलं आणि वाचायला लागली. तिचा आवाज मुळात खालचा, त्यात ती घाई करत नाही. नामीची मुलं गेली तिथे मुलाने मोबाइल उलटा ठेवला. रूथ सासूला बिलगली तिथे मी शालीच्या टोकाने डोळा टिपला. कोणत्या वाक्याला टिपायचा, हे ठरलेलंच होतं. जुनी सवय.

तिने पुस्तकावर हात ठेवला आणि मनन सांगायला लागली.

“सगळे रूथचं कौतुक करतात. मीही करते. तिने सासूला सोडलं नाही. पण वाचताना मला नामीच दिसत राहिली. नवरा गेलेला, मुलं गेलेली, वय झालेलं. तरी बाई उठली आणि चालायला लागली. रूथ तिच्यासोबत गेली हे खरं आहे, पण आधी नामी निघाली म्हणून गेली. नामी तिथेच बाल्कनीत खुर्ची टाकून बसली असती आणि म्हणाली असती, ‘तुम्ही जा, मी इथून हलणार नाही,’ तर हे पुस्तक पहिल्याच पानावर संपलं असतं.” तिने पुस्तक मिटलं. “आणि त्या दोघी चालत होत्या. आपल्याकडे एकच चालते. आमेन.”

बाल्कनीत खुर्ची! बेथलेहेमच्या वाटेवर कुठली बाल्कनी आली?

तोंडापर्यंत आलं होतं. पण नियम. सासूबाईंचा नियम, माझ्यासाठी घातलेला, इतकी वर्षं दबा धरून बसला होता आणि आता त्याने मला गाठलं. मी म्हटलं, “आमेन.”

“आज्जी, किती हळू बोलली तू,” नात म्हणाली.

कुकरची शिट्टी झाली. सून डबे भरायला उठली. मला उत्तर द्यायला उद्याची सकाळ उजाडावी लागणार होती, आणि तेवढा दम मला कधीच नव्हता. मी शाल घट्ट केली.

“थांब. मी येते आज तुझ्याबरोबर.”

“कुठे?”

“ऑफिसपर्यंत. नामी चालली म्हणालीस ना? बघू तरी किती चालावं लागतं.”

“मम्मी, पागल झालीस का?” मुलगा म्हणाला.

“तू घरी आहेस ना आज? मग पोरीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसव आणि भात कमी शिजू देऊ नकोस.”

सुनेने साधे बूट घातले, ऑफिसच्या चपला पिशवीत टाकल्या, आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाली, “आई, ती सँडल नको. चालायचं आहे.” आणि स्वतःचे जुने बूट माझ्यापुढे सरकवले.

बायकांच्या डब्यात आम्ही शिरलो तेव्हा माझी कल्पना अशी की कुणीतरी म्हातारी बघून उठेल. उठली, एक कॉलेजची पोरगी. पण बसायच्या आधीच ती माझ्या सुनेला म्हणाली, “दीदी, आज लेट! मुझे लगा कहानी मिस हो गई.”

“नहीं नहीं. आज तो नई किताब शुरू हुई है. और ये मेरी सासू माँ.”

“अच्छा!” पोरीचे डोळे मोठे झाले. “खाँसी वाली?”

सगळ्या डब्याने माझ्याकडे बघितलं. गळ्यात बँकेचं कार्ड अडकवलेली एक बाई पुढे वाकून फार काळजीने म्हणाली, “आंटी, अब कैसी है खाँसी?”

मी सुनेकडे पाहिलं. ती दांडीला धरून खिडकीबाहेर बघत होती, बाहेर रोजच्याच गच्च्यांशिवाय काही नसताना. मग हळूच मराठीत म्हणाली, “आई, तुम्ही पानं चाळत बोटं मोजत होतात नं, तेव्हा मी मागे पोळ्या करत होते. नंतर मीही मोजली. त्या दिवसापासून मननाची तयारी करतेय.”

बघा. शमशोनाचं झालं तेच माझं झालं.

आणि मग तिने गोष्ट सुरू केली. हिंदीत, हातवारे करून. उत्पत्तीपासून चाललेलं होतं म्हणे हे सगळं. सकाळी घरी अध्याय, मग डब्यात त्याचीच गोष्ट. या बायकांना योसेफाला विकून टाकणाऱ्या त्याच्या भावांचा राग होता, दलीलेला एकीने थोबाडीत मारायची तयारी दाखवली होती. कुणाचा धर्म बदलत नव्हता, फक्त स्टेशनं बदलत होती.

मला माझीच आठवण झाली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कॅनॉट प्लेसला सुवार्तेची पत्रकं वाटायला उभी राहिले होते. हजारो लोक थांबून ऐकतील अशी माझी खात्री. थांबला एकजण. त्याने पत्रक घेतलं, माझ्यासमोरच त्याचा द्रोण केला आणि त्यात शेंगदाणे ओतून घेतले. मी रडत घरी. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे गं, शेंगदाणे तरी पावन झाले.” आणि इथे माझी सून, मंगळवारी गणपतीचा उपास करणारी, दांडीला लोंबकळत अख्खा डबा धरून होती.

“और सास ने खुद बोला, जाओ?” बँकवाली म्हणाली. “सच में? मेरी वाली तो राखी पे भी नहीं भेजती.”

“जो बहू चली गई, उसने ठीक किया,” कॉलेजची पोरगी.

“तू चुप कर, तेरी शादी नहीं हुई. आंटी, आप बताओ. आप होतीं तो क्या बोलतीं?”

तीन मुद्दे, दोन दाखले सांगणारी मी. इतकी वर्षं मननं केलेली. मी उभी राहिले आणि म्हटलं, “मेरा स्टेशन आ गया.”

माझं कसलं स्टेशन! मला कुठे उतरायचं तेही माहीत नव्हतं. सुनेने खांद्याला धरून मला खाली बसवलं. “आई, अजून बराच वेळ आहे.”

गाडी बदलताना जो लोंढा आला त्यात माझी शाल एका दिशेला आणि मी एका दिशेला. पिवळ्या लाइनवर दोघींना शेजारी उभं राहायला जागा मिळाली. गोष्टवाल्या बायका मागेच राहिल्या होत्या, इथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या खांद्याला जड लागलं. बघते तर सून झोपलेली. उभ्या उभ्या, एक हात वरच्या कडीत, डब्याची पिशवी मनगटाला. तोंड किंचित उघडं, माझी नात झोपते तसंच. गाडी थांबली की तिचा हात कडी घट्ट धरायचा, डोळे न उघडता. म्हणजे हे तिला झोपेत येत होतं. मी अंग चोरलं नाही. माझा खांदा अवघडला, पाय ठणकायला लागले, पण मी खांबासारखी उभी राहिले. गुरुग्राम आल्यावर ती आपोआप जागी झाली आणि म्हणाली, “सॉरी आई, लागलं का?”

शेअर ऑटोत एकीच्या मांडीवर निम्मी मी. शेवटी काचेच्या उंच इमारतीसमोर उतरलो. तिने खांबाआड उभं राहून बूट काढले, चपला घातल्या, केस नीट केले. “झालं. आता दिवस सुरू.” मग रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. “ते बघा, झाडांच्या मागे. तेच घर. इथून चालत जाता येतं.” एवढंच. ‘या’ म्हणाली नाही, ‘बघून घ्या’ म्हणाली नाही. मला कॅबमध्ये बसवलं आणि आत गेली.

मी घरी येऊन नवऱ्याच्या खुर्चीत बसले ती थेट नात शाळेतून येईपर्यंत. बूटही काढले नव्हते. सुनेचेच बूट, मापाला मोठे.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. रूथचा दुसरा अध्याय. रूथ बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचते.

“सरवा म्हणजे?” नातीने विचारलं. मनन सुरू व्हायच्या आधी प्रश्न चालतात.

“कापणी झाली की शेतात जी कणसं पडून राहतात नं, ती,” सून म्हणाली. “गरिबांनी वेचून न्यायची.”

मी वाचून संपवलं. शालीचं टोक हातात होतं, ते खाली ठेवलं.

“या अध्यायात सून कामाला जायची परवानगी मागते आणि सासू जा म्हणते. सुरात नाही, शब्दांत म्हणते. आणि सून परत आली की विचारते, आज कुठे होतीस? कुणाच्या शेतात? ही एवढ्या वर्षांत रोज अंधार पडल्यावर घरी येते आणि मी तिला फक्त विचारत आले, भाजी गरम करू का.” माझा आवाज जरा घसरला. या वेळी ते ठरवलेलं नव्हतं, म्हणून मी पटकन आवरतं घेतलं. “तेव्हा जा. आणि नामी एकटी मागे राहिली असं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मीही येते. वर्षभर बघेन. लिफ्ट बंद पडली तर परत. आमेन.”

मुलगा आमेन म्हणाला, नात ओरडली. सून चहाच्या कपाचा कान चोळत बसली. मग आमेन म्हणाली, आणि नियम मोडून पुढे बोलली, “कढीपत्ता मुळासकट काढून कुंडीत लावू, आई. आणि तुमची ती खुर्ची नवीन बाल्कनीत मावते. मी मोजून आलेय.”

“पुन्हा बाल्कनी काढलीस?” मी म्हटलं. तेव्हा कुठे हसली.

तिसऱ्या दिवशी मुलाची पाळी. रूथचा तिसरा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांना कळेल. त्यात सासू सुनेला सांगते, न्हाऊन घे, अत्तर लाव, चांगलं नेस आणि बवाज खळ्यात झोपला की हळूच जाऊन त्याच्या पायाशी नीज. मुलाने अध्याय उघडला, पहिल्या ओळींवर नजर टाकली, मग समोर बसलेल्या लेकीकडे बघितलं.

आणि त्याला खोकला आला.

सुनेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती उठली आणि काढ्याचं पातेलं गॅसवर चढवलं. मुलगा तत्काळ बरा झाला.

आता आम्ही गुरुग्रामला आहोत. नवीन बाल्कनीत कढीपत्त्याला पाणी घालताना चार थेंब खाली पडले तरी लगेच तक्रार येते. भाजी मोबाइलवर मागवतात, भांडायचं कुणाशी? रविवारी मात्र मुलगा गाडीने माझ्या मंडळीत नेऊन सोडतो. सून अंधार पडायच्या आत घरी येते, चालत. “आज कुठे होतीस?” मी विचारते. ती सांगते, मला अर्धंही कळत नाही, मी मान हलवते.

डब्यातल्या बायकांनी मात्र गोंधळ घातला. दीदी घर बदलून गेली, आमच्या कहाणीचं काय? म्हणून सकाळी वाचन झालं की मी मोबाइलवर गोष्ट बोलून त्यांच्या ग्रुपवर पाठवते. माझ्या हिंदीत. त्यातल्या निम्म्या जणी म्हणे गोष्टी फक्त माझ्या हिंदीसाठी ऐकतात. ऐकू देत. एकही पत्रक शेंगदाण्यांत जात नाही.

परवा सुनेची पाळी होती. तिने पुस्तक उघडलं, गळ्याला हात लावला आणि खोकली. अगदी कोरडा, सुरेख खोकला. मी आनंदाने तिच्या जागी वाचलं. मग ती ऑफिसला गेल्यावर पानं चाळून बोटं मोजली. पाळी एक घर सरकल्यामुळे थोड्या दिवसांनी माझ्या वाट्याला जो अध्याय येतोय त्यात म्हातारा राजा जिवंतपणीच गादी पुढच्या पिढीच्या हाती देतो. आमच्या घरात गादी म्हणजे स्वयंपाकघर, आणि ओट्यावरचे डबे कसे लावायचे यावरून आमचं आठवडाभर चाललंच आहे.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी काढा तयार ठेवला होता. आलं, मिरी, तुळस आणि ढीगभर गुळवेल.

“पी गं, एका घोटात,” मी म्हटलं.

तिने कपात बघितलं. “गूळ नाही घातलात, आई?”

“डब्याची जागा बदललीय ना कुणीतरी. सापडला नाही.”